संकेतस्थळावरील प्रतिमांसाठी फाइल-प्रकाराची निवड आणि ब्राउझर-सुसंगतता : महाविद्यालयीन संकेतस्थळांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

आज महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांचे स्वतःचे संकेतस्थळ आहे. प्रवेशाच्या सूचना, गुणवत्ता याद्या, परीक्षांची वेळापत्रके, शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या मुदती, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांची छायाचित्रे आणि नॅकच्या मूल्यांकनासाठी लागणारी कागदपत्रे असा मोठा ऐवज त्यावर ठेवला जातो. हे काम बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडे अध्यापन सांभाळून करावयाची जबाबदारी म्हणून येते. मजकुराची काळजी घेतली जाते. परंतु सोबतची प्रतिमा कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये असावी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. स्कॅनरने जी फाइल दिली किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून जी निघाली, तीच जशीच्या तशी संकेतस्थळावर चढविली जाते.

याचा परिणाम चढविणाऱ्याला दिसत नाही, कारण त्याच्या टेबलावरील संगणकावर सर्व काही व्यवस्थित उघडते. तो जाणवतो जुना मोबाइल वापरणाऱ्या, मोजूनमापून डेटा खर्च करणाऱ्या विद्यार्थ्याला. त्याच्याकडे प्रतिमा उघडतच नाही, अर्धीच उघडते, किंवा उघडली तरी तिच्यातील अक्षरे लागत नाहीत. त्या प्रतिमेत शिष्यवृत्तीची अंतिम तारीख असेल तर त्याचे वर्षभराचे नुकसान होऊ शकते. सूचना कोणापर्यंत पोहोचते आणि कोणापर्यंत पोहोचत नाही, हे फाइल-प्रकाराच्या निवडीने काही अंशी ठरते, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका असून त्या अनुषंगाने प्रचलित प्रकारांचे स्वरूप, ब्राउझरांनी ते केव्हा व कसे स्वीकारले याचा इतिहास आणि प्रत्यक्ष निवडीची पद्धत यांचा येथे विचार केला आहे.

प्रतिमेचा आकार कशाने ठरतो?

संगणकाच्या दृष्टीने प्रतिमा म्हणजे रंगीत ठिपक्यांची चौकट होय. प्रत्येक ठिपक्याला पिक्सेल म्हणतात आणि पूर्ण रंगीत प्रतिमेत लाल, हिरवा व निळा या तीन घटकांसाठी प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात. ए-४ आकाराचा कागद इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केला, तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लक्ष पिक्सेल तयार होतात. रंगीत स्वरूपात त्यांना सुमारे २५ मेगाबाइट जागा लागते. तोच कागद केवळ काळा व पांढरा अशा दोन छटांत स्कॅन केला, तर प्रत्येक पिक्सेलला एकच बिट पुरतो आणि जागा चोविसाव्या हिश्शाइतकी, म्हणजे सुमारे एक मेगाबाइट होते. अद्याप कोणतेही संक्षेपण केलेले नाही, हे येथे लक्षात घ्यावे. काळ्या शाईत टंकलिखित केलेली सूचना रंगीत स्कॅन करण्याची सवय किती महाग पडते, ते या एका गणितावरून स्पष्ट होते.

संक्षेपणाचे दोन वर्ग आहेत. हानिरहित संक्षेपणात मूळचा प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा परत मिळतो. हानियुक्त संक्षेपणात डोळ्यांना सहसा जाणवणार नाही असा काही तपशील कायमचा टाकून दिला जातो. पुढील सर्व विवेचन या भेदावर आधारलेले आहे.

आणखी एक बाब अनेकदा नजरेआड होते. संक्षेपणामुळे फाइल लहान होते, म्हणजे ती उतरवून घेण्याचा वेळ व खर्च वाचतो. पण पडद्यावर दाखविण्यासाठी ब्राउझरला ती पूर्ण उलगडावी लागते आणि तेव्हा प्रत्येक पिक्सेलसाठी साधारणतः चार बाइट स्मृती लागते. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचे छायाचित्र ३०० किलोबाइटमध्ये बसविले, तरी उलगडताना त्याला सुमारे ४६ मेगाबाइट लागतात. स्नेहसंमेलनाची अशी वीस छायाचित्रे एका पानावर ठेवली, तर साध्या मोबाइलचा ब्राउझर गुदमरतो. कोणताही नवा फाइल-प्रकार यावर उपाय नाही. चित्राची लांबी-रुंदीच कमी केली पाहिजे. तेच छायाचित्र १२०० गुणिले ९०० केले, तर पिक्सेल अकरा पटींनी घटतात आणि पानावर पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही.

जेपेग : छायाचित्राचे हुकमी साधन

जेपेग हे प्रमाण १९९२ साली निश्चित झाले. त्याच्या गाभ्याशी असलेली गणिती क्रिया, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, ही बंगळूरमध्ये जन्मलेले अभियंते नासिर अहमद यांनी मांडली. त्यांनी १९७२ मध्ये या कल्पनेवर संशोधनासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले होते; ते मिळाले नाही. पुढे टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासमवेत त्यांनी तो शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. नाकारलेल्या अनुदान-प्रस्तावांचे गठ्ठे ज्यांच्या कपाटात आहेत, अशा वाचकांना ही हकीकत रोचक वाटावी.

जेपेगमध्ये प्रथम प्रतिमेची उजेड-अंधाराची माहिती व रंगांची माहिती वेगळी केली जाते. मानवी डोळा उजेडातील बारीक फरक टिपतो, रंगातील तितके टिपत नाही. म्हणून प्रचलित पद्धतीत चार पिक्सेल मिळून रंगाचा एकच नमुना ठेवतात. मग प्रतिमेचे आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनावर वरील क्रिया होते. तिच्यामुळे त्या चौकोनातील संथ बदल आणि जलद बदल निरनिराळे मोजता येतात. जलद बदलांचे आकडे मोठ्या भाजकाने भागून पूर्णांकात बसविले जातात आणि त्यांतील बहुसंख्य शून्य होतात. साठवण्याजोगे फारसे उरत नाही, म्हणून फाइल लहान होते. आकाश, चेहरे, झाडी अशा नैसर्गिक दृश्यांत जलद बदल थोडे व विखुरलेले असल्यामुळे हा त्याग खपून जातो.

अक्षरांच्या बाबतीत मात्र हीच पद्धत उलटते. पांढऱ्या कागदावरील काळ्या अक्षराची कड म्हणजे अत्यंत जलद बदल. तो टाकून दिला की कडेभोवती करड्या ठिपक्यांची झालर उमटते. देवनागरी लिपीत हा दोष विशेष त्रासदायक ठरतो. शिरोरेषा ओळभर चालत असल्यामुळे तिच्या दोन्ही बाजूंनी ही झालर सलग पसरते. आणि वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार ही लिपीची अर्थवाहक चिन्हे नेमकी त्याच पट्ट्यात असतात. पडद्यावरील लहान अक्षरात अनुस्वाराचा ठिपका जेमतेम दोन-तीन पिक्सेलचा असतो. गुणवत्ता फार खाली आणली तर तो झालरीत मिसळून जातो, किंवा नसलेल्या ठिकाणी ठिपक्याचा भास होतो. मंद आणि मद, वंश आणि वश, वंदन आणि वदन यांतील अंतर त्या एका ठिपक्याचे आहे. रोमन लिपीत 'आय'वरचा ठिपका गेला तरी वाचक अडत नाही. मराठी सूचनेत नावांची यादी असेल तर अडतो.

कार्यालयीन सूचनेवर निळा किंवा जांभळा शिक्का व हिरव्या शाईची सहीही असते. रंगाचा नमुना चार पिक्सेलांत एक ठेवल्यामुळे शिक्क्याची बारीक अक्षरे फिसकटतात. जेपेग तयार करताना रंगाचे हे विरलीकरण बंद करण्याची सोय बऱ्याच चित्र-संपादकांत असते; पण ती क्वचितच कोणी वापरतो.

जेपेग फाइल उघडून, किंचित बदल करून, पुन्हा जेपेग म्हणून साठविली की हानियुक्त संक्षेपण पुन्हा एकदा होते. एका विभागाने तयार केलेली, दुसऱ्याने कापलेली, तिसऱ्याने वर नाव टाकलेली प्रतिमा संकेतस्थळावर येईपर्यंत बरीच मळलेली असते, ती यामुळे. छायाचित्रासाठी मात्र जेपेग आजही सर्वांत भरवशाचे आहे. चित्र दाखवू शकणारा आणि जेपेग न दाखविणारा ब्राउझर आज शोधूनही सापडणार नाही.

जीआयएफ आणि पीएनजी : एका पेटंटचे पर्यवसान

जीआयएफ हा प्रकार कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने १९८७ मध्ये आणला. एका प्रतिमेत जास्तीत जास्त २५६ रंग आणि हानिरहित संक्षेपण ही त्याची वैशिष्ट्ये. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत एका रंगाला पारदर्शक ठरविण्याची सोय आली. मोझेइक या ब्राउझरने १९९३ मध्ये मजकुरासोबत त्याच पानावर चित्रे दाखविण्यास सुरुवात केली, तेव्हा जीआयएफ हाताशी होते आणि ते सर्वत्र रुळले. आपल्याकडील संकेतस्थळांवर 'नवीन' असे लुकलुकणारे जे चिन्ह वर्षानुवर्षे जुन्या सूचनांसमोरही लुकलुकत राहते, ते याच प्रकाराचे अपत्य होय.

जीआयएफमधील एलझेडडब्ल्यू ही संक्षेपण-पद्धती युनिसिस कंपनीच्या पेटंटखाली होती. वापरकर्त्यांना याची फारशी कल्पना नव्हती. डिसेंबर १९९४ च्या अखेरीस जीआयएफ निर्माण करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी परवाना-शुल्क आकारले जाईल असे जाहीर झाले आणि खळबळ उडाली. त्या प्रतिक्रियेतून अवघ्या काही महिन्यांत पेटंटमुक्त अशा पीएनजीचा आराखडा उभा राहिला. १ ऑक्टोबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याला शिफारशीचा दर्जा दिला. युनिसिसचे अमेरिकेतील पेटंट जून २००३ मध्ये संपले, परंतु तोपर्यंत तांत्रिकदृष्ट्या पीएनजी पुढे गेले होते. त्यात कोट्यवधी रंग ठेवता येतात, संक्षेपण हानिरहित असते आणि प्रत्येक पिक्सेलची पारदर्शकता २५६ पायऱ्यांत ठरविता येते.

असे असूनही पीएनजीला आपले स्थान मिळवायला दशक लागले, आणि त्याचे कारण ब्राउझर हे होते. २००१ मध्ये आलेला इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा पीएनजी दाखवीत असे, पण अंशतः पारदर्शक भागाच्या जागी करडी पार्श्वभूमी रंगवीत असे. महाविद्यालयाचे बोधचिन्ह रंगीत पट्टीवर ठेवले की त्याभोवती करडा चौकोन दिसे. हा दोष इंटरनेट एक्सप्लोरर ७ मध्ये, म्हणजे २००६ साली दूर झाला. तथापि विंडोज एक्सपी असलेल्या संगणकांवर जुनीच आवृत्ती पुढे कित्येक वर्षे चालत राहिली. प्रमाण केव्हा मंजूर झाले यापेक्षा वाचकाच्या यंत्रातील ब्राउझर केव्हा बदलला, याला अधिक महत्त्व आहे, हे या उदाहरणावरून ध्यानात येते. तांत्रिक लेखनात हा मुद्दा बहुधा शेवटच्या परिच्छेदात येतो. वस्तुतः निवडीचा आरंभ तेथून व्हायला हवा.

आज रेखाचित्रे, आलेख, तक्ते, पडद्याची टिपलेली प्रतिमा आणि दोन-चार छटांतील स्कॅन यांसाठी पीएनजी योग्य आहे. छायाचित्रासाठी नाही, तेथे त्याची फाइल जेपेगच्या कित्येक पट मोठी होते.

एसव्हीजी

बोधचिन्ह, नकाशा किंवा आलेख पिक्सेलांऐवजी रेषा व वक्रांच्या वर्णनाने साठविला, तर तो कितीही मोठा केला तरी फाटत नाही. एसव्हीजी हा असा प्रकार सप्टेंबर २००१ मध्ये प्रमाणित झाला. इंटरनेट एक्सप्लोररने तो नवव्या आवृत्तीत, २०११ मध्ये स्वीकारला, आणि आता त्याबद्दल सुसंगततेची चिंता उरलेली नाही. मराठी मजकुरापुरता एक सावधपणा मात्र हवा. एसव्हीजीमध्ये अक्षरे मजकूर म्हणून ठेवली आणि ती फाइल पानावर सामान्य चित्राप्रमाणे जोडली, तर ब्राउझर तिच्यासाठी बाहेरील फाँट आणीत नाही. वाचकाच्या यंत्रात जो असेल त्याने काम भागवतो. बोधवाक्याचे सुलेखन बिघडते ते यामुळे. अशा वेळी अक्षरांचे रेषाकृतीत रूपांतर करून घ्यावे. तसेच एसव्हीजी फाइलमध्ये आज्ञावली दडविता येत असल्याने वर्डप्रेससारख्या प्रणाली ती चढवू देत नाहीत. हा निर्बंध सुरक्षिततेसाठी आहे, तो उगाच उठवू नये.

नवे प्रकार आणि त्यांची वाट

गूगलने सप्टेंबर २०१० मध्ये वेबपी जाहीर केले. कंपनीच्या स्वतःच्या मापनानुसार हानियुक्त वेबपी तुल्य गुणवत्तेच्या जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्के आणि हानिरहित वेबपी पीएनजीपेक्षा २६ टक्के लहान असते. निर्मात्याचे आकडे आपल्या चित्रांवर पडताळून मगच स्वीकारावेत, हे वेगळे सांगावयास नको. क्रोममध्ये वेबपी आरंभापासून होते. फायरफॉक्सने ते जानेवारी २०१९ मध्ये, ६५ व्या आवृत्तीत घेतले आणि ॲपलच्या सफारीने सप्टेंबर २०२० मध्ये, १४ व्या आवृत्तीत. घोषणेपासून सार्वत्रिक स्वीकारापर्यंत दहा वर्षे गेली. इंटरनेट एक्सप्लोररने ते कधीच घेतले नाही. हानियुक्त वेबपीमध्ये रंगाचे विरलीकरण अपरिहार्य असते, बंद करता येत नाही. त्यामुळे रंगीत शिक्का असलेल्या सूचनेला ते जेपेगइतकेच, प्रसंगी अधिक गैरसोयीचे ठरते.

एव्हीआयएफ हा प्रकार २०१९ मध्ये प्रमाणित झाला. तो कमी जागेत जेपेगपेक्षा लक्षणीय चांगली गुणवत्ता देतो. क्रोमने ऑगस्ट २०२० मध्ये, फायरफॉक्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये, सफारीने २०२२ मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट एजने जानेवारी २०२४ मध्ये तो स्वीकारला. एज हा क्रोमच्याच गाभ्यावर बांधलेला असूनही त्याला साडेतीन वर्षांचा उशीर झाला, ही बाब बोलकी आहे. विंडोज ७ साठी क्रोम व एज या दोहोंची शेवटची आवृत्ती १०९ ही होती. म्हणजे प्रयोगशाळेतील एकाच जुन्या संगणकावर क्रोममध्ये एव्हीआयएफ दिसते आणि एजमध्ये दिसत नाही. यंत्र जुने की नवे, एवढ्यावरून अनुमान करता येत नाही, ते असे.

मोबाइलच्या बाबतीत चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. अँड्रॉइडवर क्रोम स्वतंत्रपणे अद्ययावत होतो. आयफोनवर ब्राउझरचा गाभा प्रणालीसोबतच बदलतो आणि भारतात तेथील इतर ब्राउझरही त्याच गाभ्यावर चालतात. आयफोन ६ ची प्रणाली बाराव्या आवृत्तीपुढे गेली नाही, म्हणून त्यावर वेबपी दिसत नाही. आयफोन ७ पंधराव्या आवृत्तीवर थांबला, म्हणून त्यावर वेबपी दिसते, एव्हीआयएफ नाही. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनमधील ब्राउझरचा गाभा फायरफॉक्सच्या ४८ व्या आवृत्तीचा आहे. तो वेबपी जाणत नाही. ग्रामीण भागातील पालकाच्या हातात असा फोन असू शकतो आणि गुणवत्ता यादी पाहणारा पुष्कळदा पालकच असतो.

जेपेग एक्सएलची कथा याहून वेगळी. जुनी जेपेग फाइल एक पिक्सेलही न गमावता सुमारे वीस टक्के लहान करण्याची आणि हवी तेव्हा मूळ रूपात परत आणण्याची त्याची क्षमता अभिलेखागारांच्या दृष्टीने मोलाची आहे. त्याचे प्रमाण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्रोमच्या चमूने प्रायोगिक आधार काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. सफारीने २०२३ मध्ये ते स्वीकारले. २०२५ च्या अखेरीस क्रोमच्या बाजूने पुनर्विचाराची तयारी दर्शविली गेली. तांत्रिक गुण हाती असूनही एका कंपनीच्या निर्णयावर प्रकाराचे भवितव्य कसे टांगले जाते, याचे हे ताजे उदाहरण होय.

आयफोन २०१७ पासून छायाचित्रे एचइआयसी या प्रकारात साठवितो. त्यातील संक्षेपण पेटंटांनी वेढलेले आहे आणि सफारीखेरीज प्रमुख ब्राउझरांनी ते घेतलेले नाही. आयफोनमधून संगणकात उतरवलेले छायाचित्र जेपेग केल्याशिवाय संकेतस्थळावर ठेवू नये. केवळ नावाच्या शेवटचे अक्षरसमूह बदलून प्रकार बदलत नाही. प्रकार फाइलच्या आत, तिच्या पहिल्या काही बाइटांत नोंदलेला असतो.

सुसंगतता साधण्याची रीत

नवा प्रकार वापरावा की जुना, असे द्वंद्व मानण्याचे कारण नाही. एचटीएमएलमधील 'पिक्चर' या घटकात एकाच प्रतिमेचे अनेक पर्याय क्रमाने देता येतात. ब्राउझर वरून खाली वाचत जातो आणि आपल्याला कळणारा पहिला पर्याय उचलतो. म्हणून क्रम एव्हीआयएफ, वेबपी आणि शेवटी साधे जेपेग असा ठेवावा. क्रम उलटा केला तर प्रत्येक ब्राउझर पहिल्याच पर्यायावर थांबतो व सारा खटाटोप वाया जातो. ज्या ब्राउझरला 'पिक्चर' हा घटकच ठाऊक नाही, तोही आत ठेवलेली जुनी चित्र-खूण वाचून जेपेग दाखवितो. या योजनेचे सौंदर्य असे की कोणालाही वगळावे लागत नाही.

दुसरी रीत सर्व्हरवर अवलंबून आहे. ब्राउझर प्रतिमा मागताना आपल्याला कोणते प्रकार चालतात हे सांगतो. त्यानुसार सर्व्हर योग्य फाइल पाठवितो. मात्र उत्तर मागणाऱ्यानुसार बदलते, अशी सूचना सोबत जोडायला विसरले, तर मधल्या साठवणीतून एकाची फाइल दुसऱ्याला जाते आणि जुन्या ब्राउझरला न कळणारे चित्र मिळते. असे दोष शोधणे कष्टाचे असते. महाविद्यालयात स्वतंत्र तंत्रज्ञ नसेल, तर पहिली रीतच बरी. आणि तीही जमत नसेल, तर योग्य लांबी-रुंदीचे साधे जेपेग व पीएनजी पुरेसे आहेत. आकार आवरलेले जेपेग हे अवाढव्य एव्हीआयएफपेक्षा वाचकाला निश्चितच अधिक उपयोगी पडते.

येथे एका गोष्टीचा विसर पडू नये. विद्यार्थी प्रतिमा केवळ ब्राउझरमध्ये पाहत नाही. ती उतरवून घेतो, झेरॉक्सच्या दुकानात छापतो, कोणाला तरी पुढे पाठवितो, एखाद्या अर्जाला जोडतो. अर्ज स्वीकारणाऱ्या पुष्कळ प्रणाली आजही फक्त जेपेग घेतात. म्हणून जी प्रतिमा वाचकाने उतरवून घ्यावी अशी अपेक्षा आहे, ती जुन्या, सर्वपरिचित प्रकारातच द्यावी.

स्कॅन केलेली सूचना

आतापर्यंतचे विवेचन प्रतिमा ही प्रतिमाच असावी असे गृहीत धरून झाले. महाविद्यालयीन संकेतस्थळांवरील प्रतिमांचा मोठा भाग मात्र मजकुराचा असतो : टंकलिखित करून, छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन केलेला. या प्रथेचे मूळ युनिकोडपूर्व काळात आहे. शिवाजी किंवा श्री-लिपीसारख्या फाँटांत लिहिलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक अक्षरांची रांग होऊन उमटे. त्याचे चित्र करून टाकणे हा त्या काळी समंजस उपाय होता. आता संगणक आणि मोबाइल युनिकोड देवनागरी सहज दाखवितात. कारण सरले, सवय उरली.

चित्रातील मजकूर शोधयंत्राला सापडत नाही, त्याची नक्कल करता येत नाही, लहान पडद्यावर मोठा केला की ओळी पडद्याबाहेर जातात. आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचक-सॉफ्टवेअर अशा सूचनेपाशी येऊन केवळ 'चित्र' असे उच्चारते, किंवा फाइलचे निरर्थक नाव वाचते. एनव्हीडीए हे विनामूल्य सॉफ्टवेअर मराठी मजकूर वाचू शकते. त्याला मजकूर दिला मात्र पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने माहितीच्या सुलभतेचे दायित्व संस्थांवर टाकले आहे. सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही, अपरिहार्य कारण नसेल तर मजकुराचे चित्र करू नये असे स्पष्ट सांगितले आहे. हा मुद्दा सोयी-गैरसोयीच्या पलीकडचा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

सही-शिक्क्याशिवाय सूचना अधिकृत कशी मानावी, हा आक्षेप कार्यालयाकडून येतो आणि तो अवाजवी नाही. त्याचा परिहार असा की, मजकूर पानावर युनिकोडमध्ये टंकित करावा आणि सही-शिक्क्याची स्कॅन प्रत त्याखाली जोडावी. ही प्रत इंचाला १५० ठिपके, करड्या सोळा छटा आणि पीएनजी अशी ठेवली, तर अनुस्वारही शाबूत राहतात व फाइलही आटोक्यात राहते. शिक्क्याचा रंग दिसणे आवश्यकच असेल, तर मर्यादित रंगांचे पीएनजी करावे.

स्कॅनचे संक्षेपण किती जपून करावे लागते, याचे एक उदाहरण नोंदविण्यासारखे आहे. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे कागद स्कॅन करताना विशिष्ट परिस्थितीत ६ च्या जागी ८ असे आकडेच बदलीत होती. जेबिग-२ या पद्धतीत सारखी दिसणारी अक्षरे एकच मानून एकदाच साठविली जातात. त्या तुलनेत चूक होत होती. अस्पष्ट आकडा निदान संशय निर्माण करतो. हे आकडे स्पष्ट, सुबक आणि चुकीचे होते. गुणपत्रके व याद्या स्कॅन करणाऱ्यांनी आपल्या यंत्रातील अतिसंक्षेपणाचा पर्याय बंद आहे ना, हे पाहून घ्यावे.

मूळ प्रतीचे जतन

गेल्या तीन दशकांचा इतिहास पाहता आज निवडलेला प्रकार वीस वर्षांनी सर्वोत्तम राहील, असे म्हणवत नाही. म्हणून प्रकाशनाची प्रत व मूळ प्रत या दोन वेगळ्या फाइली मानाव्यात. मूळ प्रत कॅमेऱ्यातून किंवा स्कॅनरमधून आली तशी, पूर्ण आकारात, महाविद्यालयाच्या साठवणीत ठेवावी. तिच्यावरून हव्या त्या प्रकाराची प्रकाशन-प्रत केव्हाही काढता येते. प्रकाशन-प्रतीवरून मूळ प्रत मात्र कधीच परत मिळत नाही.

नॅकसाठी लागणाऱ्या जिओटॅग छायाचित्रांच्या संदर्भात याला विशेष महत्त्व आहे. छायाचित्र कोठे व केव्हा घेतले, याची नोंद फाइलमध्ये एग्झिफ नावाच्या भागात असते. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठविताच ती नोंद पुसली जाते. प्रकार बदलणारी अनेक साधनेही ती गाळतात. चित्रावर छापलेले अक्षांश-रेखांश तेवढे उरतात. विभागांकडून छायाचित्रे गोळा करताना ती मूळ फाइल म्हणूनच, ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर मागवावीत. याउलट संकेतस्थळावर ठेवावयाच्या प्रतीतून ही नोंद मुद्दाम काढून टाकावी, कारण मुलींच्या वसतिगृहात किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी घेतलेल्या छायाचित्रासोबत त्या जागेचा नेमका ठावठिकाणाही प्रसिद्ध होत असतो.